खिडकीबाहेर काही टाकायचं नाही

बारा वर्षं मी लोकांना एकच सांगत आले, "गाडीत घाण करू नका. काय असेल ते बाहेर टाका."

मी एसटीत कंडक्टर आहे. लातूर–निलंगा ही माझी नेहमीची गाडी. शेंगांची टरफलं, संत्र्याच्या साली, वेफर्सची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या, लेकरांच्या ओकाऱ्यांच्या पिशव्या, सगळं खिडकीतून बाहेर जायचं आणि माझी गाडी आतून लख्ख असायची. डेपोत गाड्या झाडणाऱ्या मावशी म्हणायच्या, "बाई, तुमची गाडी आली की माझी कंबर वाचती." मला त्याचा अभिमान होता. नव्यानं लागलेल्या मुलींनाही मी हेच शिकवायचे. तिकीट देता देता एक नजर खाली ठेवायची, कुणी सीटखाली काही टाकलं की तिथंच टोकायचं आणि खिडकी दाखवायची.

खिडकीच्या पलीकडे काय आहे याचा विचार मी कधी केला नाही. पलीकडे रस्ता होता, आणि रस्ता कुणाचाच नव्हता.

एप्रिलमधली दुपार होती. लातूरहून निघालेली गाडी औसा सोडून लामजन्याच्या पुढे आली होती. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून त्या वेळेला गाडीत पाय ठेवायला जागा नसते. मी मधल्या गर्दीत दांड्याला पाठ टेकवून मशीनवर तिकिटं काढत होते. उजव्या बाजूच्या तिसऱ्या सीटवरच्या माणसानं विचारलं, "मॅडम, ही बाटली कुठं टाकू?"

मी मान वरसुद्धा केली नाही. म्हटलं, "बाहेर टाका की."

त्यानं टाकली. बाटलीत निम्मं पाणी होतं, हे मला नंतर कळलं.

आधी मागच्या सीटवरची एक बाई किंचाळली. मी दोरी ओढली, ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली. उतरून मागे पळत गेले, तर आमच्या गाडीला मागे टाकू बघणारी एक मोटारसायकल पलीकडच्या कडेला आडवी पडली होती. तिचं मागचं चाक अजून फिरत होतं. पंचावन्न-साठीचा एक माणूस उजवा खांदा धरून मातीत बसला होता. कपाळावर विभूतीचे पट्टे, आणि त्यांवरून रक्ताची एक बारीक धार आली होती. त्याच्या बायकोच्या कोपराचं सालटं निघालं होतं, पण तिचं स्वतःकडे लक्षच नव्हतं. तिच्या हातात ती बाटली होती.

"कुनी फेकली?" तिनं विचारलं.

तिसऱ्या सीटवरचा माणूस माझ्या मागोमाग उतरून आला होता. तो गर्दीत गप्प बसू शकला असता, पण बसला नाही. तो एवढंच म्हणाला, "मॅडमच बोलल्या ना, बाहेर टाका म्हणून."

गाडीत मी शेकडो भांडणं केली आहेत. जागेवरून, सामानावरून, हात दाखवला तिथं गाडी थांबवली नाही म्हणून. तोंडाला तोंड द्यायला मी कधी कमी पडले नाही. त्या दिवशी मात्र मी वाकून मोटारसायकल उचलायला लागले.

मोटारसायकल शेजारच्या चहाच्या टपरीवाल्याच्या हवाली केली, दोघांना गाडीत घेतलं आणि निलंग्याला सरकारी दवाखान्यात पोचवलं. त्या माणसाचं खांद्याजवळचं हाड मोडलं होतं.

आठ दिवसांनी, सुटीच्या दिवशी, मी त्यांच्या गावी गेले. निलंग्याच्या अलीकडे मोठ्या रस्त्यापासून आत, चालत वीस मिनिटांवर गाव. त्यांची पिठाची गिरणी होती. ते दारात बाजेवर बसले होते, हात गळ्यात बांधलेला. मला बघून डावा हात छातीशी नेत ते म्हणाले, "शरणार्थ." मीही शरणार्थ म्हटलं, आमच्या लिंगायत घरातही नमस्काराची तीच रीत. आत गिरणी चालू होती आणि त्यांची बायको एकटीच दळत होती. तिच्या भुवयांपर्यंत पीठ बसलं होतं.

मी म्हटलं, "दादा, बाटली त्या माणसानं टाकली, पण टाका म्हणून मी सांगितलं. बारा वर्षं सांगत आलेय. मला माफ करा."

"जाऊ द्या हो ताई," ते म्हणाले. "तुम्ही काय जानून केलं का? नशिबात होतं."

आतून गिरणी बंद झाली. एकदम शांत झालं. पदरानं तोंड पुसत बाई बाहेर आली.

"नशिबात न्हवतं. बाटलीत होतं," ती नवऱ्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "माफी ऱ्हाऊ द्या बाई. उद्या गाडीत कुनी इचारलं, कुठं टाकू, तर काय सांगनार तुम्ही?"

तिनं चहा दिला, मी तो घेतला, पण तिनं प्रश्न काही मागे घेतला नाही.

परतताना मी दुसऱ्या कंडक्टरच्या गाडीत खिडकीशी बसले. तो रस्ता मला तोंडपाठ आहे असं वाटायचं. पण मला पाठ होते ते थांबे. कडेच्या चरात बाटल्या पडल्या होत्या, बाभळींच्या काट्यांत पिशव्या अडकून फडफडत होत्या, वखरून ठेवलेल्या रानाच्या बांधावर चकचकीत पाकिटांचा थर साचला होता. एका ठिकाणी दोन शेळ्या एकच पिशवी दोन बाजूंनी ओढत होत्या. माझी गाडी लख्ख होती ती या लोकांच्या रानाच्या जिवावर.

घरी आल्यावर मी खताची दोन रिकामी पोती धुतली. तोंडाला दुमड घालून शिवली, त्यातून सुतळी ओवली. दुसऱ्या दिवशी एक पोतं माझ्या सीटमागच्या दांड्याला बांधलं, एक मागच्या बाजूला. लातूर सोडायच्या आधी गाडीत उभी राहून मोठ्यानं सांगितलं, "ऐका. आजपासून खिडकीबाहेर काही टाकायचं नाही. गाडीत पण नाही. जे असेल ते या पोत्यात."

गाडीभर हसू पसरलं. कुणीतरी मागून ओरडलं, "मॅडम, माझ्या बायकोला टाकू का?" आणखी हसले. आमचे ड्रायव्हर कंधारकडचे, निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे. तेही आरशातून बघत म्हणाले, "बाई, आता हातात झाडू तेवढा घ्या."

औशापर्यंत पोत्यात काही पडलं नाही. औशाला एक म्हातारी चढली. तिला पुढे निलंग्याहून सीमेपलीकडे, कर्नाटकातल्या औरादला जायचं होतं. केळं खाऊन झाल्यावर ती साल हातात धरून बसून राहिली. खिडकी शेजारीच होती, पण तिनं मला हाक मारली. "अक्का, एल्ली हाकली?"

माझी मावशी बिदरकडे दिलेली, त्यामुळे एवढं कानडी मला कळतं. कुठं टाकू, असं विचारत होती ती. बारा वर्षांत हा प्रश्न मला हजारदा विचारला गेला होता. मी पोत्याचं तोंड उघडून तिच्यापुढे धरलं. तिनं साल टाकली आणि काही विशेष घडलंच नाही अशा तोंडानं डोळे मिटून घेतले. मला मात्र रडू येईल असं वाटलं. मी पटकन पुढच्या सीटचं तिकीट काढायला लागले.

पहिल्या दोन महिन्यांत माझं नाव 'कचरा बाई' पडलं. डेपोतले सहकारी चहाला बोलावताना विचारायचे, "पोतं घेऊन येताय का सोबत?" मी म्हणायचे, "घेऊन येते, तुमचे कागदी कप कुठं जातात ते तरी बघते." खरं तर मला भांडायची सवय होती, ती इथं कामाला आली. जे लोक गोड बोलून ऐकत, त्यांच्याशी गोड बोलायचे. जे ऐकत नसत, त्यांच्या सीटजवळ पोतं घेऊन उभी राहायचे आणि हलायचेच नाही. माणसाला लाज वाटायला साधारण दोन थांब्यांएवढा वेळ लागतो.

पण पोतं भरल्यावर काय? पहिल्या आठवड्यात मी ते डेपोच्या मागच्या ढिगावर ओतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी त्या ढिगाला काडी लावलेली, धूर थेट बाकांवर बसलेल्या लोकांच्या तोंडात जात होता. म्हणजे रस्त्यावरचं मी उचललं आणि हवेत टाकलं. मग मी पोतं स्कुटीवर घालून घरी न्यायला लागले. अंगणात बसून बाटल्या वेगळ्या, पाकिटं वेगळी, साली वेगळ्या करायचे. बाटल्या भंगारवाला नेत असे.

घरात आम्ही तिघं. मी, मोटारी रिवाइंडिंगचं दुकान चालवणारे माझे मिस्टर, आणि सासूबाई. आमचं घर लातूरच्या कडेच्या एका नगरात, मागे मोकळा प्लॉट. पहिल्यांदा पोतं अंगणात ओतलं तेव्हा सासूबाई ओट्यावर बसून बघत होत्या.

"दुनियेचा उकिरडा माझ्या दारात आनलास व्हय?"

"निवडून देऊन टाकते, आत्या. तासाभरात आवरते."

"आन आपल्या घरचा?"

मला कळलं नाही. त्या उठल्या, मला हाताला धरून मागच्या भिंतीशी नेलं आणि पलीकडे बोट केलं. मोकळ्या प्लॉटवर गाठ मारलेल्या पिशव्या पडल्या होत्या, त्यांतल्या निम्म्या आमच्याच. घंटागाडी येते तेव्हा मी ड्यूटीवर असते, म्हणून रोज सकाळी निघता निघता मीच पिशवी भिंतीवरून टाकायचे. हात सवयीनं उचलला जायचा. पोती शिवली त्या दिवशीच्या सकाळीसुद्धा टाकली होती.

"बसमधल्या लोकांला तू शानपना शिकिवतीस," सासूबाई म्हणाल्या. "हितं तुला कुनी शिकवायचं?"

मला राग आला, आणि तो त्यांचाच आला, कारण त्या खरं बोलत होत्या. त्या दिवशी मी चार वाक्यं जास्तच बोलले. मग रविवारी भिंतीपलीकडे उतरले आणि आमच्या पिशव्या उचलून आणल्या. त्या ओळखायला काही अडचण नव्हती, चहापत्ती आणि गोळ्यांची पाकिटं सांगत होती कोणाच्या ते.

पाण्याची फुटकी टाकी माळ्यावर पडून होती. तिला खाली भोकं पाडून, माती घालून अंगणात ठेवली आणि भाजीचा कचरा त्यात टाकायला लागलो. पाणी शुद्ध करायच्या मशीनच्या बारक्या नळीतून दिवसभर पाणी वाहून जायचं. लातूरकरांना पाण्याचं सांगावं लागत नाही, नळ कधी येणार याच्यावर आमची पाहुणेमंडळी यायची-जायची ठरतात. तरी ते नळीतलं पाणी आम्ही इतकी वर्षं मोरीत सोडत होतो! नळीखाली बादली आली. त्या पाण्यात फरशी पुसली जाते, भांड्यांचं पहिलं विसळणं होतं. मिस्टरांनी नळी लांब करून दिली, तक्रार केली नाही. त्यांच्या दुकानामागे मात्र जुन्या मोटारींच्या तारा जाळून तांबं मोकळं करतात, त्यावरून आमची भांडणं झाली आणि अजून होतात. ते म्हणतात, हातानं सोलत बसलो तर दिवसाला एकच मोटर होईल. त्या भांडणात मी अजून जिंकलेले नाही. पण सोडलेलंही नाही.

सासूबाईंचं मात्र नवल झालं. टाकीतल्या मातीत मेथी उगवली, तशी त्यांनी ती टाकी ताब्यात घेतली. नंतर मागची भिंतही. सकाळी शेजारची कुणी पिशवी घेऊन प्लॉटकडे निघाली की त्या ओट्यावरून आवाज देत, "का गं, कुठं निघालीस? घंटागाडी यायलीय की आता, दम काढ जरा." त्यांच्या वयामुळे कुणाला उलट बोलता येत नसे. दोन घरांनी आमच्याशी बोलणं सोडलं. सासूबाई म्हणाल्या, "न बोलू दे. पिशवी तर टाकीत न्हाईत ना?"

असं सहा महिने चाललं. मग ती सकाळ आली.

निलंग्याहून लातूरला येणारी गाडी होती. पांढऱ्या कपड्यातले एक गृहस्थ आणि त्यांच्यासोबत तिघं-चौघं. गाडीत त्यांना सगळे ओळखत होते, तालुक्यात त्यांचा शब्द चालतो असं म्हणत. त्यांनी पुडी फाडून तोंडात टाकली, पुडीचा कागद बाहेर सोडला. मी पोतं दाखवून म्हटलं, "साहेब, यात टाका." त्यांनी माझ्याकडे बघितलं, हातातली पाण्याची बाटली संपवली, झाकण नीट लावलं आणि माझ्याकडे बघत बघतच ती खिडकीबाहेर सोडून दिली.

मी दोरी ओढली. गाडी थांबली.

"उतरा आणि उचलून आणा."

"काय?"

"बाटली. उचलून आणा. मग गाडी निघंल."

"बाई, तुम्ही कुनाशी बोलायल्यात, माहीत हाय का?"

"प्रवाशाशी."

सोबतच्यांपैकी एकजण उठला. "मी आणतो साहेब, बसा तुम्ही." मी दारात आडवी उभी राहिले. "तुम्ही नाही. ज्यानं टाकली त्यानं."

गाडीत कालवा सुरू झाला. कुणाला कोर्टाची तारीख होती, कुणाला दवाखान्याचा नंबर. "मॅडम, एका बाटलीपायी काय लावलंय?" असं म्हणणारे जास्त होते. "बरोबर करायल्यात बाई," असं दोन बाया म्हणाल्या, पण हळू. भाजीची पाटी घेऊन बसलेली एक मावशी उठली. "मीच आनते बाई, मिटवा," म्हणाली. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही बसा. जन्मभर तुम्हीच उचलत आलाय."

ड्रायव्हर चिडतील अशी मला भीती होती. त्यांना वेळेची फार काळजी. ते केबिनमधून वळून बघत होते. त्यांनी चावी फिरवली आणि इंजिन बंद केलं. मग खिशातून तंबाखूची डबी काढून निवांत मळायला घेतली.

ते गृहस्थ उठले. मला वाटलं, उचलतील. ते उतरले, पण बाटलीकडे गेले नाहीत. तिथंच उभं राहून फोन लावला आणि मागून येणाऱ्या एका जीपला हात केला. चढता चढता म्हणाले, "बघून घेतो." त्यांचा एक माणूस मोबाइल धरून माझं चित्रण करत होता. आमची गाडी वीस मिनिटं उशिरानं लातूरला पोचली.

बाटली तिथंच राहिली. रागाच्या भरात मीही ती उचलली नाही. दुसऱ्या दिवशी त्याच जागी गाडी थांबवून उतरले, तर ती तिथं नव्हती. वाऱ्यानं रानात गेली असेल.

संध्याकाळपर्यंत ते चित्रण सगळ्यांच्या मोबाइलवर फिरलं. त्यात बाटली नव्हती. मी दारात आडवी उभी आणि बोट नाचवत ओरडतेय, एवढंच होतं. खाली लिहिलेलं, 'महिला कंडक्टरची दादागिरी'. माझ्या भावाचा फोन आला, "ताई, इज्जत घालवली." मिस्टर जेवताना म्हणाले, "नोकरी आहे ती. समाजसेवा नाही." सासूबाईंना ते चित्रण बघायचं होतं. त्यांनी ते दोनदा बघितलं आणि म्हणाल्या, "पदर नीट खोचायचास. बाकी ठीक हाय."

मला डेपो मॅनेजरांचं बोलावणं आलंच. टेबलापलीकडच्या साहेबांपुढे तक्रारीचा कागद होता. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं.

"प्रवाशाला खाली उतरायला लावायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? नियम दाखवा मला."

"नियम नाही, साहेब. बाहेर टाका म्हणून सांगायचा पण नियम नव्हता. ते मी बारा वर्षं सांगितलं, तेव्हा कुणी नियम विचारला नाही."

"एक माफीपत्र लिहून द्या. दोन ओळी. विषय संपतो."

त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. मी लिहायला घेतलं, पण दोन ओळींवर थांबले नाही. लामजन्याच्या पुढे काय घडलं ते लिहिलं. बाटली कुणी टाकली, कुणी टाकायला सांगितली, कुणाचं हाड मोडलं. गाडीला वीस मिनिटं उशीर झाला, त्यात कोर्टाला निघालेल्या माणसाचं नुकसान झालं, ती माझी चूक आहे आणि तिची जी शिक्षा असेल ती मला मान्य आहे, असंही लिहिलं. शेवटी लिहिलं, 'माफी ज्यांची मागायची होती त्यांच्या घरी जाऊन मी मागून आले आहे. या तक्रारदारांची मागणार नाही.'

साहेबांनी कागदाच्या दोन्ही बाजू वाचल्या. चष्मा काढून ठेवला. "हे घरी बसून लिहिलं असतंत तर जरा मऊ झालं असतं," ते म्हणाले.

"म्हणूनच इथं लिहिलं."

पुढच्या आठवड्यात माझी ड्यूटी बदलली. लातूर–नांदेड. पहाटे उठून निघायचं, अहमदपूर, लोहा करत जायचं आणि परत यायला संध्याकाळ. कागदावर ही शिक्षा नव्हती. डेपोत सगळ्यांना मात्र ती कळली.

मी पोती सोडून आणली होती, ती नांदेडच्या गाडीत बांधली. इथं मला कुणी ओळखत नव्हतं, सगळं पहिल्यापासून. लोह्याच्या स्टँडवर गाडी लागली की बाटल्या विकणारे खिडक्यांना चिकटतात. मी त्यांच्यातल्या एकाला सांगितलं, भरलेली विकतोस तर परतीच्या फेरीला माझ्याकडून रिकाम्या घेऊन जा, भंगारात तुलाच घाल. तो म्हणाला, "मला काय याड लागलं का?" आठवडाभरानं तोच पिशवी घेऊन दारात उभा होता. त्याच्याकडे बघून दुसरा आला, आणि मग त्यांची आपसात भांडणं लागली. आता त्यांनी वार वाटून घेतलेत.

नांदेडच्या गाडीत सगळं सुरळीत आहे असं नाही. एकदा पोत्यात कुणीतरी पेटती विडी टाकली, एक पोतं जळालं, पायदाणापर्यंत धूर झाला. एकदा भरलेलं पोतंच कुणीतरी चालत्या गाडीतून बाहेर ढकलून दिलं, नुसती गंमत म्हणून. मी दोरी ओढली, उतरले आणि एकटीच गोळा करायला लागले. त्या दिवशी कुणाला उतरा म्हटलं नाही. पाच-सहा जणी आपण होऊन उतरल्या, एका बाईनं तर ओटी पसरून त्यात बाटल्या भरल्या. सात-आठ मिनिटांत रस्ता साफ झाला. वेळेचा खुलासा मी त्याच दिवशी लिहून दिला, कुणी मागायच्या आधी.

माझ्या जुन्या गाडीचे ड्रायव्हर मध्यंतरी लातूर स्टँडवर भेटले. मी विचारलं, निलंग्याच्या गाडीत आता कसं काय चाललंय?

"नव्या कंडक्टरनं पोतं लावलं न्हाई. पुन्हा सगळं खिडकीतून," ते म्हणाले. मला ते लागलं. ते बघून त्यांनी सांगितलं, "मी माझ्या केबिनमधी एक पिशवी अडकवलीय. लेडीज सीटवरच्या चार बाया तिच्यात आनून टाकतात. तेवढंच."

गेल्या महिन्यात ड्यूट्या लावणाऱ्या आमच्या कंट्रोलरनं मला बाजूला घेतलं. ते माझ्या माहेरच्या ओळखीतले, माझ्या भल्यासाठीच बोलत होते. "निलंग्याची ड्यूटी मोकळी होतेय. सासूबाई थकल्यात, तुम्हाला जवळची बरी. एवढ्या कागदावर सही करा, मी बाकी बघतो." कागदावर एकच वाक्य टाइप केलेलं होतं. यापुढे कचऱ्याच्या कारणावरून मी गाडी थांबवणार नाही आणि प्रवाशांना काही बोलणार नाही.

मी वाचून कागद परत दिला.

"लई ताणू नका, ताई," ते म्हणाले. "तुमच्या एकटीच्या गाडीनं काय फरक पडणार हाय? रोज एवढ्या गाड्या जातात."

"बाकीच्या गाड्यांचं मला माहीत नाही. माझ्या गाडीतून नाही जाणार."

त्यांनी मान हलवली, कागदाची घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. "विचार बदलला तर सांगा." अजून तो तिथंच असेल. मी सही केलेली नाही.